३२ बिट फ्लोट असताना बूम कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गोव्यातल्या सिंक साउंडवरच्या (चित्रीकरणाच्या वेळीच संवाद रेकॉर्ड करण्यावरच्या) लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ३२ बिट फ्लोट (आवाज फार मोठा झाला तरी फाइलमध्ये न फाटणारी रेकॉर्डिंगची पद्धत) आल्यापासून लेव्हलची, म्हणजे आवाजाच्या पातळीची, काळजी संपली. नटांच्या अंगावर लेपल (कपड्यात लपवायचे छोटे माइक) लावावेत, बूमवाल्याचा (लांब दांड्यावर माइक धरणाऱ्याचा) रोज वाचवावा, बिघडेल ते पणजीत डब करावं. सेन्हायझर ४१६ (लांब नळीचा शॉटगन माइक) आणि टाइमकोडच्या डब्या (कॅमेरे आणि रेकॉर्डर यांच्या वेळा जुळवणारी उपकरणं) हा छोट्या मराठी-कोंकणी निर्मितीला न परवडणारा थाट आहे. यातला टाइमकोडचा मुद्दा मला निम्मा पटतो. बाकीचा पटत नाही, आणि हा सल्ला मानून कोणी मोरजीच्या किनाऱ्यावर नुसते दोन लेपल घेऊन उतरलं तर फटका त्यालाच बसणार, म्हणून सविस्तर लिहितो.

फ्लोट फक्त एक गोष्ट वाचवतो. नट कुजबुजता कुजबुजता ओरडला आणि रेकॉर्डरमध्ये लेव्हल वर गेली, तर ती नंतर खाली ओढता येते. रेकॉर्डरच्या आधी जे फाटलं ते मात्र फाटलेलंच राहतं. वायरलेसमध्ये ट्रान्समीटरच्याच तोंडाशी सिग्नल क्लिप झाला, तर पुढचा रेकॉर्डर कितीही बिटांचा असो, त्याचा उपयोग नाही. ट्रान्समीटरमध्येच फ्लोट रेकॉर्ड करणारे संच ही अडचण टाळतात, हे मान्य. पण किनाऱ्यावर खरा प्रश्न लेव्हलचा नसतो, संवाद गाजेच्या किती वर आहे याचा असतो. गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी, वाढवला की दोन्ही सारखेच वर येतात. माइक दोन फुटांवरून एका फुटावर आणला तर संवाद साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि गाज आहे तिथेच राहते. हे ६ डेसिबल बूमवाला मिळवून देतो, सॉफ्टवेअर नाही.

लेपल तर त्याहून जवळ असतो, असं तुम्ही म्हणाल. असतो, पण तो बहुधा सगळ्या दिशांनी ऐकणारा असतो, कपड्याखाली असतो आणि मे महिन्यात घामात असतो. खळ घातलेली सुती साडी असेल तर हाताच्या प्रत्येक हालचालीला खसखस येते, आणि ती शब्दांवरच बसल्यामुळे नंतर सुटी करता येत नाही. लेपल लावायचाच तर त्वचा आधी स्पिरिटने पुसून कोरडी करा. चिकट बाजू बाहेर राहील अशा टेपच्या दोन त्रिकोणी घड्या करा, एक माइकच्या पुढे आणि एक मागे. एक कापडाला चिकटते, एक अंगाला, म्हणजे मध्ये घासायला काही उरत नाही. वायरला माइकखाली बोटभर वेटोळं देऊन तेही चिकटवा, नाहीतर वायरचा प्रत्येक हिसका माइकपर्यंत पोचतो.

शॉटगन माइक लांबचा आवाज ओढून आणतो हाही गैरसमजच. त्याची नळी वरच्या पट्टीतले बाजूचे आवाज अडवते. लाटांची खालची घरघर बाजूनेही आत शिरते. म्हणून मागे समुद्र दिसणाऱ्या फ्रेममध्ये माइक वरून जवळजवळ उभा, नटाच्या छातीकडे रोखून धरायचा. आडवा धरला की समुद्र थेट नळीच्या समोर येतो. शक्य असेल तर किनाऱ्यावरचे संवाद सकाळी उरकून घ्या. उन्हं चढली की समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपारी ब्लिंपवर (माइकभोवतीच्या वारा अडवणाऱ्या पिंजऱ्यावर) केसाळ कव्हर घालूनही त्रास होतो.

आता ४१६. बाजारात निम्म्याहून कमी किमतीचे कंडेन्सर माइक आहेत आणि कोरड्या हवेत त्यातले काही छान वाजतात. पण साध्या कंडेन्सरच्या कॅप्सूलचा (आवाज पकडणाऱ्या भागाचा) इंपिडन्स, म्हणजे विद्युत रोध, फार जास्त असतो. त्यावर ओलाव्याचा पातळ थर बसला की चार्ज गळतो आणि फोडणीसारखी तडतड सुरू होते. ४१६ ची कॅप्सूल रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या सर्किटमध्ये, कमी इंपिडन्सवर चालते, त्यामुळे तिला दमट हवा फारशी बाधत नाही. जून ते सप्टेंबर गोव्यात काम करणाऱ्यासाठी हा फरक पैशांपेक्षा मोठा आहे. विकत घेऊ नका, भाड्याने आणा. माइक कुठलाही असो, एसीच्या खोलीतून बाहेर काढल्यावर पेटी लगेच उघडू नका. गार धातूवर दव धरतं. बंद पेटी अर्धा-पाऊण तास सावलीत राहू द्या, आत सिलिका जेल ठेवा.

टाइमकोडबद्दल. एक कॅमेरा आणि दोन-तीन मिनिटांचे टेक असतील तर क्लॅप (पाटीची टाळी) पुरतो, इथे तुमचं बरोबर. पण फोंड्याकडे देवळातल्या उत्सवाचं नाटक तीन कॅमेऱ्यांनी चित्रित करायचं असेल तर हिशेब बदलतो. दोन उपकरणांच्या घड्याळांत दहा लाखात १० चा फरक असला तरी तासाला ३६ मिलिसेकंद सरकतात, म्हणजे २५ फ्रेमच्या हिशेबात जवळजवळ एक फ्रेम. तीन तासांत ओठ आणि शब्द उघड वेगळे दिसतात. डबी लावूनही फाइलवर फक्त सुरुवातीची वेळ उमटते, घड्याळ सरकतंच. म्हणून प्रत्येक अंकानंतर रेकॉर्डिंग थांबवून नव्याने सुरू करा.

डबिंग स्वस्त पडतं हे मला मान्य नाही. आपले बरेच नट रंगभूमीवरचे. समूहात, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोललेलं वाक्य काचेमागे एकट्याने ओठांबरहुकूम पुन्हा बोलणं त्यांना जड जातं, आणि ते ऐकू येतं. त्यापेक्षा जागा गप्प करण्यावर वेळ घाला. जुन्या घरात गुळगुळीत लादी आणि मोकळ्या भिंती घुमतात, तिथे फ्रेमबाहेर गोधड्या पसरा. पत्र्यावर पाऊस पडत असेल तर वर काथ्याच्या जाड चटया टाका, म्हणजे थेंब धातूवर आपटत नाही. पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंग्याची वेळ शेजाऱ्यांकडून विचारून ठेवा. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली त्यात ठेवा, नाहीतर तो पुन्हा चालू करायचा राहून जातो आणि घरमालकाची मासळी नासते. संध्याकाळी रातकिडे सुरू झाले की प्रत्येक सेटअपनंतर मिनिटभर रूम टोन (कोणी बोलत नसतानाचा त्या जागेचा आवाज) घ्या, कारण त्यांचा सूर तासाभरात बदलतो आणि कटवर उडी ऐकू येते.

बूम आणि लेपल वेगवेगळ्या ट्रॅकवरच ठेवा, जागेवर मिसळलेली फाइल फक्त संकलकाच्या सोयीसाठी. डिजिटल वायरलेस काही मिलिसेकंद उशिरा पोचतो. वायरवरच्या बूमशी तसाच मिसळला तर आवाज पोकळ होतो.

पैसे खरंच कमी असतील तर आधी बूमवाल्याचा रोज काढा, मग भाड्याचा माइक आणि ब्लिंप, मग एक चांगला लेपल संच. टाइमकोडच्या डब्या सगळ्यात शेवटी.