मुदतीचा फेरा

पासपोर्टवर छापलेली मुदत ही केवळ शोभेची असते, हे परदेशात शिकायला जाईपर्यंत कोणी सांगत नाही. बारावीनंतर, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून वडिलांनी 2012 साली काढून दिलेला माझा पासपोर्ट कागदोपत्री नोव्हेंबर 2022 पर्यंत धडधाकट होता. पण जर्मनीतील ज्या कार्यालयाकडे माझा निवास परवाना वाढवण्याचे काम होते, त्याच्या लेखी तो उन्हाळ्यातच अत्यवस्थ झाला होता. तिथला नियम असा की परवान्याची मुदत पासपोर्टच्या मुदतीपुढे जाऊ शकत नाही. पीएच.डी.ला अजून दोन वर्षे लागणार असली (चार लागतील, हे मार्गदर्शक आणि मी दोघेही जाणून होतो), तरी परवाना मिळणार होता तो नोव्हेंबरपर्यंतचाच.

म्हणून आधी पासपोर्ट नवा करावा, या विचाराने आपल्या वकिलातीची कागदपत्रांची यादी उघडली, तर तीत वैध निवास परवान्याची प्रत मागितलेली. आणि माझा परवाना पुढच्याच महिन्यात संपत होता. मी तिथे कायदेशीर राहतो, हे भारताला जर्मनीकडून लिहून हवे होते आणि मी अजून काही वर्षे भारतीय राहणार आहे, हे जर्मनीला भारताकडून. दोन्ही सरकारांचा माझ्यावर तिळमात्र विश्वास नव्हता. एकमेकांवर मात्र अपार होता. सुदैवाने वेळेत अर्ज केल्यास निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू मानण्याची सोय जर्मन कायद्यात आहे आणि तसा दाखलाही मिळतो. त्या दाखल्याच्या प्रती काढून मी कामाला लागलो.

पुढचा अडथळा फोटोचा. जर्मनीला 35 बाय 45 मिलिमीटरचा चेहरा चालतो, भारताला त्या वेळी दोन इंची चौकोनी लागत असे. स्टेशनवरील फोटोयंत्राला चौकोनी माणूस ठाऊक नसल्याने एका छायाचित्रकाराकडे जावे लागले. त्याने पट्टीने माझी हनुवटी ते डोके हे अंतर ज्या गांभीर्याने मोजले, त्या गांभीर्याने माझा प्रबंध आजवर कोणी वाचलेला नाही.

दरम्यान गावाकडून सल्ले सुरू झाले. काकांचे म्हणणे, "तत्काळमध्ये टाक, आपली ओळख आहे." ही ओळख तालुक्याच्या हद्दीपलीकडे चालत नाही, हे त्यांना पटवणे अशक्य होते. मग एके दिवशी पडताळणीसाठी हवालदार घरी आले आणि त्यांनी अर्जदाराला समोर हजर करायला सांगितले.

"अहो, तो घरी असता तर त्याने जर्मनीतून अर्ज कशाला केला असता?" आई म्हणाली.

"तेही खरंच," असे म्हणून त्यांनी चहा घेतला आणि शेजारचे दोन साक्षीदार मागवले. ज्यांच्या खिडकीच्या काचा मी आठवीत असताना फोडल्या होत्या, त्या काकांनी माझ्या वर्तणुकीबद्दल निःसंकोच ग्वाही दिली. पासपोर्टपेक्षा मला तीच अधिक मोलाची वाटते.

यथावकाश नवा पासपोर्ट आला, सोबत कोपरा कापलेला जुनाही. नव्याचा क्रमांक अर्थातच निराळा असल्याने बँक, विमा आणि विद्यापीठ यांना मी तोच जुना माणूस असल्याचे पुन्हा कळवावे लागले. मग परवान्याचे कार्ड मिळाले. पासपोर्ट आता 2032 पर्यंतचा होता आणि परवाना 2024 पर्यंतचा. तेव्हा पुढच्या खेपेला निदान भारत सरकारकडे बोट दाखवता येणार नव्हते, आणि काकांच्या ओळखीलाही वाव उरला नव्हता.