दारं-खिडक्या लावून काय होणार? – प्रतिक्रियेला उत्तर

‘एक सदाशिवपेठी वाचक’ यांस नमस्कार.

तुमचं म्हणणं असं: अणुबॉम्ब मुंबईवर पडला तर पुणं दीडशे किलोमीटर लांब, मग घाबरायचं कशाला? आणि जवळच पडला तर, स्फोटानंतर वरून पडणाऱ्या किरणोत्सारी धुळीपासून वाचायला ‘दारं-खिडक्या लावून घरात बसा’ हा माझा सल्ला निव्वळ पोरखेळ.

आधी माझी चूक. ‘दोन आठवड्यांनी बाहेर पडायला हरकत नाही’ हे मी सरसकट लिहायला नको होतं. वेळ सातपट झाली की किरणोत्साराचा जोर साधारण दहावा हिस्सा उरतो. पहिल्या तासाला १०० धरा, सातव्या तासाला १०, दोन दिवसांनी १. पण हा हिशेब धूळ पडायची थांबल्यावरचा. शिवाय मुळातला आकडाच अफाट असेल, तर त्याचा हजारावा भागही नगण्य नसतो.

अंतराचं मात्र पटत नाही. १ मार्च १९५४ला अमेरिकेनं पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटावर जमिनीलगत चाचणीचा अणुस्फोट केला. मान्य, तो १५ मेगाटनांचा राक्षस होता. पण राँगेलाप हे वस्तीचं बेट तिथून दीडशेएक किलोमीटरच होतं, आणि वारं तिकडचं. काही तासांत पांढरी भुकटी पडायला लागली, पोरं तिच्यात खेळली. उलट हिरोशिमाचा बॉम्ब सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला, जमिनीतली माती फारशी वर ओढली गेली नाही, म्हणून तिथं अशी धूळ त्या मानानं कमी. पावसाचं तर विचारूच नका. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातानंतर दोनशे किलोमीटरवर जिथं सरी कोसळल्या, तिथली जमीन बाधली.

आता पोरखेळ. साधारण सहा सेंटिमीटर काँक्रीट या धुळीतून निघणारे भेदक गॅमा किरण निम्मे करतं. आपला स्लॅब पाच इंची, म्हणजे एका स्लॅबखाली पावभाग, दोन स्लॅबखाली सोळावा. मामाच्या वाड्याची भिंत मी टेप लावून मोजली, पावणेदोन फूट! पण वर कौलं. धूळ बसणार कौलांवर, म्हणजे माडीवरची खोली सगळ्यात वाईट. तुमचाही वाडा असेल तर खाली या, मधल्या खोलीत, खिडकीपासून लांब. फ्लॅट असेल तर मधला मजला, नाहीतर तळघरातलं पार्किंग.

आणि हो, आयोडीनयुक्त मिठानं काही होत नाही. आयोडीनची गोळीसुद्धा फक्त थायरॉइड (गळ्यातली ग्रंथी) वाचवते. लहान मुलांना खरा धोका दुधातून: धूळ गवतावर, गवत गाईच्या पोटात. धुळीतलं किरणोत्सारी आयोडीन, म्हणजे आयोडीन-१३१, दर आठ दिवसांनी निम्मं होतं, म्हणून त्याच दुधाची भुकटी करून तीन महिने ठेवली तर त्यातलं आयोडीन जवळपास संपतं. धुळीतल्याच सीझियम-१३७ या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थाचं तसं नाही, त्याला निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात.