चिल्लर वेगळी करणारं मशीन म्हणे!
रोज रात्री जेवण झालं की स्क्रूड्रायव्हर घेऊन ह्याच्या उरावर बसायचं. घर्रर्र करतं नि अडकतं, उघडून बघावं तर चकतीखाली दहाचं नाणं तिरकं बसलेलं, काळा चिकट मळ, पुसा, परत लावा. बरं चालतं तेव्हा तरी काय दिवे लावतं? हे नाणी ओळखतं फक्त व्यासावरून, आणि आपल्याकडे २०११ च्या सिरीजचं पाचचं नाणं २३ मिमी, नवीन दोनचंही २३च, जुनं दोनचं २५ तर नवीन पाचचंही २५! मग काय, दोनच्या नळीत पाच, पाचच्या नळीत दोन, गल्ल्याचा हिशोब बोंबलला. कस्टमर केअरवाला म्हणतो सर नाणी धुवून टाकत जा. धुवून!! आता चिल्लरला रोज उटणं लावून अंघोळ घालू का?