हिरवं रक्त खरं, बाकीचा मजकूर खोटा

न्यू गिनीच्या ढगात बुडालेल्या डोंगरी जंगलांतल्या हिरव्या रक्ताच्या सापसुरळीबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतोय. तो म्हणतो: ही नव्याने सापडलेली पाल आहे, पानं खाऊन हिचं रक्त हिरवं झालंय, ती जहाल विषारी आहे, आणि तिच्या रक्तात मलेरियाचा जंतू जगत नसल्याने औषध सापडलंच म्हणून समजा.

‘नव्याने’ आधी उरकून टाकू. ग्रीअर आणि रेझेस या संशोधकांनी या हिरव्या रक्तावर १९६९ सालीच लिहिलंय. आणि ही पाल नव्हे, सापसुरळी.

पानांचं म्हणाल तर ही खाते किडे. नुसत्या पाल्याने रक्त हिरवं होत असतं, तर गाईचं कधीच झालं असतं.

रंग येतो बिलिव्हर्डिनमुळे. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की हिमोग्लोबिनपासून हे पित्तद्रव्य बनतं. आपल्यातही बनतं, मुका मार लागल्यावर काळानिळा डाग काही दिवसांनी हिरवट होतो तो यामुळेच. आपलं शरीर त्याचं लगेच बिलिरुबिन करतं आणि ते पित्तावाटे बाहेर टाकतं. ते साचलं की कावीळ. या सापसुरळ्यांत मात्र बिलिव्हर्डिनच साचून राहतं, तेही माणसाचा जीव घेईल त्याच्या सुमारे ४० पट. तांबड्या पेशी त्यांच्यातही तांबड्याच असतात, पण भोवतीचा द्रव इतका गडद हिरवा की लाल रंग झाकला जातो. स्नायू, हाडं, जीभसुद्धा हिरवी. एवढं अंगात घेऊन ती धडधाकट किडे पकडत फिरते, खरं नवल हे आहे, आणि मजकुरात नेमकं हेच नाही. २०१८ च्या एका अभ्यासानुसार हे हिरवं रक्त एकदा नव्हे, चार वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झालंय. म्हणजे त्याचा काहीतरी उपयोग असावा, असं मलाही वाटतं.

विषाबद्दल फार बोलायला नको. सापसुरळीला विषदंत नसतात.

मलेरियाच्या दाव्याला थोडा आधार आहे. पित्तद्रव्यं मलेरियाच्या जंतूला मारक ठरत असावीत, असा संशोधकांचा अंदाज आहे. पण न्यू गिनीतल्या हिरव्या रक्ताच्या सापसुरळ्यांच्या रक्तातच प्लास्मोडियम, म्हणजे मलेरियाचे जंतू, सापडलेत. शिवाय त्यांचे प्लास्मोडियम माणसाला मलेरिया देणाऱ्या जातींहून वेगळे, तेव्हा ‘औषध सापडलं’ हे कुठून आलं ते मजकूर लिहिणाराच जाणे.