तिथे कोणी उठवत नाही

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी तोच वाद पेटतो. कोणीतरी पुण्या-मुंबईला जाऊन येतं, एखाद्या परदेशी साखळीच्या हॉटेलातला फोटो टाकतं आणि खाली लिहितं, 'हे नाशकात कधी?' मग मागण्यांची यादी सुरू होते. एकाला टिम हॉर्टन्सची कॉफी हवी, दुसरीला मेक्सिकन काहीतरी, तिसऱ्याला ते जे कोणाकडेच नाही ते. मागच्या वेळी एकाने लिहिलं, 'मुंबई-पुणे-नाशिक म्हणे सुवर्ण त्रिकोण. दोन कोन जेवतात, तिसरा फोटो बघतो.' हसून हसून पुरेवाट झाली माझी. लगेच समोरची फळी उठते: ज्या गावात साधनाची आणि श्यामसुंदरची मिसळ आहे, सायंताराचा साबुदाणा वडा आहे, त्या गावाला बर्गर हवाय कशाला? आणि दोन्ही बाजू शेवटी माझ्याकडे वळतात. 'तू सांग गं, तू तर तिथेच राहतेस.'

मी 2009 पासून ओहायोतल्या कोलंबसला राहते. साखळी हॉटेलांचं त्र्यंबकेश्वर कुठे असेल तर ते इथे. वेंडीज इथेच 15 नोव्हेंबर 1969 ला सुरू झालं. व्हाइट कॅसल 1921 साली कॅन्ससमधल्या विचिटाला निघालं, पण 1934 मध्ये मुख्यालय उचलून इथे आलं ते आजही इथेच आहे. इथली वस्ती देशाच्या सरासरीशी बरीच जुळते, शिवाय भलंमोठं विद्यापीठ आहे, म्हणून कंपन्या नवे पदार्थ आधी कोलंबसमध्ये विकून बघतात. बाकी अमेरिकेला ज्याचा पत्ता नाही ते सॉस आमच्या घशाखाली उतरलेलं असतं.

आणि तरीही इथली माणसं कुढतात! त्यांना इन-एन-आउट हवंय. 1948 पासूनची कॅलिफोर्नियाची बर्गरवाली कंपनी. ती मांस गोठवत नाही, फ्रँचायझी देत नाही आणि स्वतःच्या कोठारापासून एका दिवसात ट्रक पोहोचेल एवढ्याच अंतरात दुकान टाकते. ओहायो त्या अंतरात बसत नाही, विषय संपला. ऑफिसातला माझा शेजारी कॅलिफोर्नियाला गेला की विमानतळावरून थेट तिथे जातो आणि परतल्यावर आठवडाभर त्याचं वर्णन ऐकवतो. आमच्या ग्रुपवरचा सूर आणि त्याचा सूर एकच. म्हणून कुठली कंपनी आली नि कुठली नाही यावरून नाशिक किती 'मोठं' झालं हे मोजू नका, एवढं मी छातीठोक सांगते. तो कोठाराचा आणि ट्रकचा हिशोब असतो, तुमच्या लायकीचा नाही.

इथवर ठीक. पण पूर्वी मी याच्या पुढे जाऊन मोठं प्रवचन दिलं होतं. काय ठेवलंय त्या बर्गरमध्ये, आपली मिसळ जपा, मी इथे तर्रीवाचून तडफडतेय वगैरे. बदाम आणि नमस्कारांचा पाऊस पडला. त्यानंतरच्या डिसेंबरात मुंबईला उतरले, टॅक्सी केली, आणि कसारा घाट यायच्या आधीच ड्रायव्हरला म्हणाले, 'दादा, ते पिवळं एम दिसलं की थांबवा.' सोळा तासांच्या प्रवासानंतर मला स्वच्छ बाथरूम हवं होतं, आणि ते तिथे असेल याची मला पैजेवर खात्री होती. शेजारीच वड्याचा झकास वास येणारी टपरी होती. वडा मी टपरीवर खाल्ला. पण आधी गेले कुठे, हे त्या प्रवचनाखाली लिहायचं धैर्य आजवर झालेलं नाही.

डोळे खरे उघडले ते माझ्या भाचीने. ती नाशिकच्या एच.पी.टी. कॉलेजला आहे. तिच्या मैत्रिणी कॉलेज रोडवरच्या एका साखळीवाल्या कॉफीच्या दुकानात अभ्यास करतात हे कळल्यावर मी चिडवलं, 'एवढ्या पैशांत चार मिसळी येतील गं.' ती म्हणाली, 'आत्या, कॉफी बोअरच आहे. पण तिथे कोणी उठवत नाही.'

हे वाक्य मला चांगलंच लागलं. मीही त्याच कॉलेजची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्हा मुलींना बसायला काय होतं? हॉटेलात 'फॅमिली रूम' नावाची पडद्याआडची चार टेबलं. पोऱ्या यायचा, ओल्या फडक्याने टेबल असं पुसायचा की पाण्याचा ओघळ आपल्या मांडीवर, आणि 'और कुछ?' विचारायचा. तिसऱ्यांदा विचारलं की उठायचं. मुलं गल्ल्याजवळ एका चहावर तास काढायची, त्यांना कोणी विचारत नसे. एका नावाजलेल्या ठिकाणी आईला बाथरूम हवं होतं, तर मालकाने मागच्या गल्लीकडे बोट दाखवलं. तिथे एक भिंत होती. आईने त्यानंतर बाहेर खायला जाताना पाणी पिणंच सोडलं. माझ्या पिढीच्या निम्म्या बायका हेच करत आल्या आहेत, विचारून बघा.

म्हणजे ग्रुपवर बायका साखळीचं हॉटेल मागतात तेव्हा चवीचं मागणं फार थोडं असतं. भिंतीवर छापलेला दर, कडी लागणारं बाथरूम, आणि एकटी बसलीस तरी न रोखणारी नजर, हे मागणं असतं. पुरुषमंडळी 'आपली चव, आपली संस्कृती' म्हणून उत्तर देतात, ते उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं आहे. मजा म्हणजे माझ्या घराजवळच्या मॅकडोनाल्ड्समध्येही हेच चालतं. रोज सकाळी सात-आठ आजोबा छोटी कॉफी घेऊन खिडकीपाशी जमतात आणि बेसबॉल, गुडघे, सरकार असा क्रम लावून दहापर्यंत बसतात. गावातला पारच तो, वर फक्त पिवळी पाटी. बर्गर खाताना त्यांना मी कधी पाहिलं नाही.

पण या पाराची किंमतही मी बघतेय. आमच्या उपनगरात आठ-दहा साखळ्या ओळीने आहेत आणि स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या हाताचं एकही दुकान चालत जाण्याच्या अंतरावर नाही. हायवेच्या कुठल्याही फाट्यावर उतरा, तीच ओळ. साखळी व्हायची तर पदार्थ हाताबाहेर जाऊ द्यावा लागतो, एवढंच त्यातलं गणित. आपल्या वडापावाचंच बघा ना. गोली वडापाव 2004 मध्ये कल्याणला सुरू झालं, आणि पुढे त्यांचा वडा कारखान्यात बनून, गोठून दुकानात यायला लागला. सगळीकडे सारखा लागतो, हे खरं. पण काल तिखट जास्त झालं म्हणून आज भांडायला जाणारं गिऱ्हाईक त्यात उरत नाही. सायंताराच्या वड्याची शाखा कोलंबसला निघावी असं मला रात्री-बेरात्री वाटतं खरं, पण गोठवून येणार असेल तर नको. त्यापेक्षा बॅगेत कोंडाजीचा चिवडा आणते, तो बिचारा सोळा तास टिकतो.

एक गोष्ट मात्र ग्रुपवर कोणी मोजत नाही. गंगापूर, मखमलाबादच्या बाजूला द्राक्षबागांच्या आसपास मिसळीची जी ठिकाणं झाली आहेत, ती माझ्या कॉलेजच्या काळात नव्हती. पार्किंग आहे, पोरांना झोपाळे आहेत, बायकांचं बाथरूम वेगळं आणि धुतलेलं. रविवारी सकाळी तीन पिढ्या एका टेबलावर दही, पापड, वर जिलेबी घेऊन बसतात. हे कुठल्या परदेशी कंपनीने शिकवलेलं नाही. गिऱ्हाईक घरच्या बायकांना घेऊन यायला लागलं, मालकांना ते दिसलं, त्यांनी बांधलं. मग हीच मागणी शहरातल्या जुन्या, गाजलेल्या दुकानांपुढे आपण का ठेवत नाही? अमेरिकी कंपनीच्या पानावर 'प्लीज कम टु नाशिक' लिहिणारे माझे मित्र ज्या मालकाला गेली वीस वर्षं नावाने हाक मारतात, त्याला 'शेठ, बाथरूमला कडी बसवा' एवढं म्हणत नाहीत. ओळखीच्या माणसाकडे मागायची लाज वाटते, असं आहे का?

मागच्या जानेवारीत भाचीला घेऊन अशाच एका बागेतल्या मिसळीला गेले. आई सोबत होती. आधी जाऊन बाथरूम बघून आली आणि मगच पाण्याचा ग्लास उचलला. मिसळ फर्मास होती, रस्सा तीनदा मागवला. ताटं उचलली गेल्यावर भाचीने लॅपटॉप काढला आणि वाढणाऱ्या दादांना विचारलं, 'दादा, इथे तासभर बसलं तर चालेल? परीक्षा आहे.'

दादांनी फाटकाकडे बघितलं. तिथे पंचवीस-तीस माणसं नाव लिहून उभी होती.

'बसा ना ताई,' ते म्हणाले, 'पण ते लोक तुमच्याकडेच बघतायत.'

आम्ही उठलो.