पोरांना शेअरिंग शिकवायचंय? आधी आपलं स्टेटस चेक करा

तर मंडळी, हल्लीची पोरं वाया चाललीत. रात्री जेवण झाल्यावर भिंतीला टेकून, एकीकडं रील बघत बघत, आपण सगळ्यांनी हे नक्की करून टाकलंय, त्यामुळं आता सोशल मीडियावर काय टाकावं काय नाही हे त्यांना शिकवणं आलंच. मी साताऱ्याचा, एका पोरीचा बाप, 14 व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा मेंबर आणि त्यातल्या 3 ग्रुपचा अ‍ॅडमिन, म्हणजे अधिकार आहे मला बोलायचा.

पहिलं म्हणजे उशीर करू नका. बाळाच्या मनगटाला दवाखान्याची पट्टी असती ना, त्यावर आईचं नाव, तारीख, सगळं असतं, तो फोटो पाहिजेच. मग बारसं, मग जावळ, मग शाळेचा पहिला दिवस, त्यात युनिफॉर्म आयकार्ड मागं शाळेची पाटी आणि जमलं तर रिक्षाचा नंबर पण यावा. इन्स्टाग्रामवर अकाउंट काढायला पोराला 13 वर्षं पूर्ण लागतात. तोवर त्याची सगळी कुंडली आपण मांडून ठेवायची, बिचाऱ्याला पुढं नवीन काही टाकायला लागायला नको.

कायद्याचं टेन्शन घेऊ नका. 2023 साली डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्यात म्हटलंय की 18 वर्षांखालच्या पोरांची माहिती कंपन्यांनी वापरायची तर आईबापाची संमती लागणार. आता आईबाप कोण? आपणच. आणि आपण टाकतो तेव्हा आपली संमती कुणी घ्यायची? पोराला विचारायचं म्हणता? आता शेंगा सोलताना शेंगेला विचारायचं राहिलं फक्त.

आता माझंच सांगतो, म्हणजे पद्धत कळंल. पोरगी दहावीला होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिचं हॉल तिकीट टेबलावर पडलेलं, मी म्हटलं एवढा मोठा दिवस, आशीर्वाद नकोत का मिळायला? काढला फोटो आणि टाकला स्टेटसला, शिवाय घरच्या ग्रुपला, भावकीच्या ग्रुपला आणि आमच्या 1995 च्या बॅचच्या ग्रुपला, "बेस्ट ऑफ लक बाळा" आणि तीन हात जोडलेले. हॉल तिकिटावर काय असतं बघा, फोटो, सही, सीट नंबर, आईचं नाव, सेंटर कुठलं ते. आणि दहावीचा रिझल्ट ऑनलाइन बघायला काय काय लागतं? सीट नंबर आणि आईचं नाव. बास, एवढंच.

रिझल्टच्या दिवशी दुपारी 1 वाजता पोरगी लॅपटॉपसमोर हात थरथरवत बसली, साइट फिरतीय फिरतीय उघडंना, आणि तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. कऱ्हाडची आत्या. "अभिनंदन रे, पण गणितात 52च का पडले? क्लास लावला नव्हता का?" पाठोपाठ ग्रुपवर स्क्रीनशॉट, त्यात 52 ला कुणीतरी लाल गोल केलेला, खाली एका काकांचं "हरकत नाही, पुढच्या वेळी", आणि माझ्या वर्गमित्राचा अंगठा. पोरीनं स्वतःचे मार्क माझ्या मोबाईलवर बघितले, लाल गोलासकट. मग आत गेली आणि दार लावून घेतलं. मी बाहेरून सांगितलं, अगं सगळ्यांनी कौतुकच केलंय की! कंदी पेढे आणलेले, त्याचा पण फोटो टाकला. लोक थांबलेले असतात.

ट्रिपचं जास्त सांगत नाही, कोकणात पोचल्या पोचल्या "4 दिवस फुल्ल एन्जॉय" म्हणून लोकेशनसकट टाकायचं, घराला कुलूप आहे हे ज्याला कळायला पाहिजे त्याला कळतं.

फॉरवर्ड मात्र नीट शिकवा. 2024 च्या ऑगस्टमध्ये आपल्या बोरणे घाटात सेल्फी काढताना एक पोरगी दरीत पडली, होमगार्ड आणि गावच्या माणसांनी दोर लावून वर काढली, आठवतंय ना? आठवणारच, ती कशी वेदनेनं ओरडत वर येत होती त्याचा व्हिडिओ आपण सगळ्यांनीच तर फिरवला. मी स्वतः "लाइकसाठी जीव धोक्यात घालतात आजकालची पोरं" असं लिहून 6 ग्रुपवर टाकला. 43 अंगठे आले.

आणि पोरं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज आला तर खरा का खोटा बघत बसू नका, "आलाय तसा पाठवतोय" लिहिलं की आपली जबाबदारी संपली. असल्याच अफवेपायी 2018 च्या जुलैत धुळ्याच्या राईनपाड्यात 5 माणसं जमावानं ठार मारली. 2022 साली इथं आपल्या शेजारी सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंग्यात, चार साधूंनी एका पोराला रस्ता विचारला म्हणून मुलं पळवणारे समजून लोकांनी त्यांना बडवलं. व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांनी वैतागून 2020 पासून, फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलंय. म्हणून मी एक एक करून 14 वेळा पाठवतो. समाजासाठी तेवढं करावं लागतं.

शेवटचं आणि फार महत्त्वाचं. पोरगं कधी रात्री उशिरा दारात येऊन उभं राहिलं, "पप्पा, एक सांगायचंय" म्हणालं, तर ऐकून घ्यायच्या आधी मोबाईल काढून घ्या. कुणी फोटोवरून धमकावतंय, पैसे मागतंय, असलं काही असलं तर आधी "तू टाकलासच कशाला?" हे शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारा. पुरावा म्हणून चॅट ठेवायचं सोडून सगळं डिलीट मारायला लावा. पैसे गेले तर 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन लावायचा असतो, पण आधी भावकीच्या ग्रुपवर कळवू, तिथं जाणकार बरेच आहेत. असं एकदा केलं की पुन्हा म्हणून पोरगं काही सांगायला येत नाही, आपण पण निवांत.

माझ्या घरात तर आता अजिबात त्रास नाही. फक्त एक झालंय, पोरीचं स्टेटस मला बऱ्याच दिवसांत दिसलंच नाही. हिला दिसतं, कऱ्हाडच्या आत्याला पण दिसत नाही. म्हटलं मोबाईलला काहीतरी झालं असणार, म्हणून परवा पोवई नाक्यावर एका दुकानात दाखवायला नेला. पोरानं उलटसुलट करून बघितला, बंद करून चालू केला, मग विचारलं, "काका, नक्की कुणाचं दिसत नाही?" म्हटलं पोरीचं. त्यानं मोबाईल पुसला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "काका, मोबाईल चांगलाय. पैसे राहू द्या."