जखमेची वही आणि सुरक्षा विभाग : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अपघात टाळण्याचे काम आणि जखमी कामगाराचे उपचार, विमा, रजा व कामावर परतणे यांची व्यवस्था एकत्र जोडावी, असे मी मागच्या लेखात म्हटले होते. त्यावर आपला आक्षेप असा की, नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत कंत्राटी कामगारांमध्ये काम करताना आपण जे पाहिले, त्यावरून याचा परिणाम एकच होईल : दुखण्याची फाइल व्यवस्थापनाच्या हाती जाईल, ज्याच्या नावावर जास्त जखमा त्याला पुढच्या ठेक्यात गेट पास मिळणार नाही आणि लोक जखमा लपवू लागतील. ही भीती रास्त आहे. तिचे उत्तर मात्र दोन्ही खाती वेगळी ठेवण्यात आहे, हे मला मान्य नाही.

बोटाला टाके पडलेल्या कामगाराला दुसऱ्या दिवशी बोलावून टाइम ऑफिसात नुसते बसवून ठेवतात, हे आपणच लिहिले आहे. अपघातानंतर 48 तास किंवा त्याहून अधिक काळ कामगार काम करू शकला नाही, तर अपघात कळवावा लागतो. 1948 च्या कारखाने अधिनियमात हे होते आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. हजेरी लागली की अपघात कळवण्याचा प्रश्नच मिटतो. कर्मचारी राज्य विम्यातून (ईएसआय) सरासरी वेतनाच्या 90 टक्के दराने मिळणारा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ बुडतो आणि हवी असलेली विश्रांतीही मिळत नाही. हा प्रकार खपतो, कारण टाक्यांची नोंद दवाखान्यात असते, हजेरी टाइम ऑफिसात असते आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहणे हे कोणाचेच काम नसते. सुरक्षा समितीत कामगारांचे प्रतिनिधी व्यवस्थापनाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असू नयेत, असे संहिताच सांगते. नावे वगळून हे दोन्ही कागद दर महिन्याला त्या समितीपुढे आले, तर अशी लपवाछपवी फार काळ टिकणार नाही.

काय जोडायचे आणि काय जोडायचे नाही, हे मी मागच्या लेखात थोडक्यात उरकले होते, म्हणून येथे सविस्तर लिहितो. निदान, औषधे, जुने आजार हे सारे डॉक्टरच्या कुलपात राहावे. सुरक्षा अधिकाऱ्यालाही ते दिसू नये. त्याला हवे ते इतकेच : कोणते मशीन, कोणते काम, कोणती पाळी, शरीराचा कोणता भाग. पॉवर प्रेसच्या, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या व घडवणाऱ्या मशीनच्या, खात्यातली प्रथमोपचाराची वही उघडली, तर बहुधा “पत्रा लागला, ड्रेसिंग केले” अशाच ओळी दिसतात आणि मशीनचा रकानाच नसतो. तो असता, तर एकाच प्रेसवर डायमध्ये (साच्यात) अडकलेला तुकडा हाताने काढताना पुन्हा पुन्हा बोटे कापतात, हे बोट तुटण्याआधीच कळले असते. मग तुकडा काढायला चिमटा द्यायचा, मशीनचे संरक्षक आवरण (गार्ड) बदलायचे की दोन्ही हातांनी बटणे दाबल्याशिवाय प्रेस चालणार नाही अशी सोय करायची, यावर बोलता येते. बाजारगावला डिसेंबर 2023 मध्ये आणि धामण्याला जून 2024 मध्ये स्फोटकांच्या कारखान्यांत स्फोट झाले, तेव्हा सारे नागपूर हादरले. बोटाच्या जखमेची मात्र खात्याबाहेर कोणाला खबरही नसते.

उन्हाळ्याचेही तसेच आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना भट्टीजवळचा कामगार खाली बसतो आणि वहीत “चक्कर, ओआरएस दिले” एवढेच लिहिले जाते. ते त्याचे आजारपण ठरते. पिण्याचे पाणी किती लांब आहे, मधली सुट्टी किती वेळाने होते, हे कोणी विचारत नाही.

कामावर परतण्याविषयी आपण फारसे लिहिले नाही, पण सर्वांत जास्त हानी तिथे होते असे मला वाटते. दाखल्यावर “हलके काम द्यावे” असे लिहिलेले असते. डॉक्टरने खाते पाहिलेले नसते, सुपरवायझरला जखम समजत नसते आणि पट्टी बांधलेला माणूस पुन्हा त्याच प्रेसवर उभा राहतो. किती वजन उचलावे, पकड किती घट्ट लागेल, किती वेळ उभे राहावे, हे डॉक्टरने लिहिले पाहिजे आणि त्यासाठी कामाचे वर्णन कारखान्याने त्याच्या हाती दिले पाहिजे. येथे निदान सांगावे लागतच नाही.

गेट पासचा मुद्दा मात्र मी पूर्णपणे मान्य करतो. जखमांची यादी ठेकेदाराकडे नावानिशी मुळीच जाऊ नये, आणि “अपघातमुक्त दिवस” मोजून खात्याला बक्षीस देण्याची पद्धत बंद व्हावी, कारण त्या बक्षिसापायी सोबतीच जखमी माणसाला गप्प राहायला सांगतात. जिथे डॉक्टर नाही, समिती नाही आणि निम्म्याहून अधिक माणसे ठेक्यावर आहेत, अशा छोट्या कारखान्यात मी आधी फक्त वहीत मशीनचा रकाना वाढवायला सांगेन आणि वहीत कामगाराच्या नावाऐवजी क्रमांक लिहायला लावेन. बाकीची जोडणी तिथे डॉक्टर व समिती येईपर्यंत थांबावी.